खैबर दोन मिनिटांत बुडाली नव्हती

डिसेंबर उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. २०२३ साली नौदल दिन मालवणला, सिंधुदुर्गाच्या साक्षीने साजरा झाला, त्या वर्षी तर एकाच दिवसात तो मला नऊ वेगवेगळ्या लोकांकडून आला. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा असा असतो: ‘४ डिसेंबर १९७१. आपल्या तीन छोट्या बोटी कराचीवर चालून गेल्या. जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडवली गेली. ज्या खैबरने ६५ साली द्वारकेचं मंदिर पाडलं, ती पाकिस्तानची नवीकोरी विनाशिका दोन मिनिटांत तळाला गेली. तिचे खलाशी एक गोळीही न झाडता पळाले. शाहजहान ही दुसरी विनाशिकाही बुडाली. एकट्या नौदलाने कराची सात दिवस जाळली आणि अख्ख्या युद्धात आपल्या नौदलाचा एकही माणूस गेला नाही.’

मी हा मेसेज बरीच वर्षं नुसता वाचून सोडून देत होतो. माझे धाकटे मामा नौदलात इलेक्ट्रिशियन होते. ७१ नंतर भरती झाले, त्यामुळे ते युद्ध त्यांनी पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या हाताखाली ते शिकले. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने त्यांना हाच मेसेज वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि एवढंच म्हणाले, ‘खैबरवर पहिलं क्षेपणास्त्र कुठे लागलं, माहीत आहे तुला? इलेक्ट्रिशियनच्या मेसमध्ये.’ त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत गेलो. आपल्याकडचे वृत्तान्त वाचले, पाकिस्तानी नौदलाचेही वाचले. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो आहे.

मेसेजात जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते फार मोठं आहे. ऑपरेशन ट्रायडेंट, म्हणजे कराचीवरचा तो हल्ला, खरा आहे. निर्घात, निपात आणि वीर या तीन मिसाईल बोटी, सोबत किल्तान आणि कच्छल या दोन नौका, आणि इंधनासाठी पोषक हा टँकर. बोटींचं नेतृत्व निपातवर असलेले कमांडर बब्रू भान यादव करत होते. निर्घातवर शर्मा, निपातवर कविना आणि वीरवर मेहता असे तिघे लेफ्टनंट कमांडर होते. सगळ्या बोटी सुखरूप परतल्या, त्या मोहिमेत आपला एकही जण दगावला नाही, आणि म्हणूनच ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला. यातलं काही मी नाकारत नाही. आक्षेप आहे तो या खऱ्यावर चढवलेल्या पुटांना.

खैबर ‘नवीकोरी’ होती, इथून सुरुवात करू. ती पाण्यात उतरली सप्टेंबर १९४४ मध्ये, स्कॉटलंडमधल्या गोवनच्या गोदीत. नाव होतं कॅडीझ. ब्रिटिश नौदलाच्या ‘बॅटल’ वर्गातली ही विनाशिका. या वर्गातल्या नौकांना जुन्या लढायांची नावं दिलेली असत. सेवेत दाखल होईपर्यंत १९४६ साल उजाडलं आणि महायुद्ध संपलं होतं. पाकिस्तानने ती वापरलेली विकत घेतली आणि १९५७ मध्ये ती त्यांच्या ताफ्यात खैबर म्हणून आली. म्हणजे १९७१ साली तिचा सांगाडा २७ वर्षांचा होता आणि तिच्यावर एकही क्षेपणास्त्र नव्हतं.

तिच्या वयापेक्षा ती कशासाठी बांधली होती हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्या रात्रीचा उलगडा तिथे होतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांनी ब्रिटिशांच्या नौका एकामागून एक बुडवल्या. त्यातून धडा घेऊन हा वर्ग आखला गेला. साडेचार इंची चार तोफा, दोन जोड्यांमध्ये, दोन्ही जोड्या पुढच्या बाजूला. त्यांची तोंडं जवळजवळ सरळ आभाळाकडे उचलता येत. शिवाय भरपूर विमानविरोधी बोफोर्स तोफा. थोडक्यात, आकाशातून येणारं विमान पाडण्यासाठी जन्माला आलेलं हे जहाज होतं. तिच्यावरच्या माणसांना वर्षानुवर्षं हेच शिकवलेलं असणार: वरून काही येताना दिसलं तर ते विमान.

आता ‘एक गोळीही न झाडता पळाले’ आणि ‘दोन मिनिटांत’. हे दोन दावे एकत्रच घ्यावे लागतात. वेळा पाकिस्तानी वृत्तान्तातल्या आहेत.

खैबर त्या रात्री बंदरात नांगर टाकून झोपलेली नव्हती. ती कराचीच्या दक्षिणेला गस्तीवर होती आणि संशयित नौकांची खबर मिळाल्यावर वेग वाढवून त्यांच्याच दिशेने निघाली होती. पळणारं जहाज शत्रूकडे तोंड करून धावत नाही. रात्री पावणेअकराच्या सुमारास उजव्या बाजूने एक झगझगीत उजेड येताना दिसला. निर्घातने डागलेलं ते स्टिक्स क्षेपणास्त्र होतं. स्टिक्स म्हणजे आजच्या डोळ्यांना सवय असलेलं सुईसारखं निमुळतं क्षेपणास्त्र नव्हे. जवळपास सहा मीटर लांब, दोन टनांहून जड, दोन्ही बाजूंना पंख, मागे जाळ, आणि वेग आवाजापेक्षा थोडाच कमी. लांबून पाहणाऱ्याला ते छोटं विमानच वाटावं असं. ब्रिजवरच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथल्या, अधिकाऱ्यांना ते तसंच वाटलं. त्यांनी बोफोर्सनी त्याच्यावर गोळीबार सुरू केला. म्हणजे ‘एक गोळीही न झाडता’ हे सपशेल खोटं आहे. ज्या कामासाठी ते जहाज बांधलं होतं आणि ज्यासाठी ती माणसं तयार झाली होती, तेच त्यांनी केलं. समोर आलेली वस्तू मात्र त्यांच्या शिकवणीत कधी नव्हती.

क्षेपणास्त्र उजव्या कुशीत, मुदपाकखान्याच्या खाली, इलेक्ट्रिशियनच्या मेसडेकमध्ये फुटलं. मेसडेक म्हणजे काय हे मला मामांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला काढून दाखवलं. एक ठेंगणी, लांबट खोली. एकावर एक झोपायच्या जागा. मध्ये टेबल, त्याला कड असते, हेलकाव्याने थाळी खाली जाऊ नये म्हणून. भिंतीला लोखंडी कपाटं, प्रत्येकात एका माणसाचा सगळा संसार. ज्याची पाळी संपली तो तिथे येऊन पडतो, जेवतो, पत्र लिहितो. ‘पावणेअकरा म्हणजे,’ मामा म्हणाले, ‘पुढची पाळी असणारे झोपेत असणार.’ आणि मग पाकीट उलटं करून ठेवलं.

जहाजातली वीज गेली. एक नंबरच्या बॉयलरच्या खोलीतून आग आणि काळा धूर उठला. त्या अंधारातून खैबरने संदेश पाठवला की शत्रूच्या विमानाचा हल्ला झाला आहे, एक नंबरचा बॉयलर गेला आहे, जहाज थांबलं आहे. चारेक मिनिटांनी दुसरा उजेड दिसला. वीज नाही, जहाज जळतंय, आणि तरीही मागच्या बोफोर्सवरच्या लोकांनी त्या दुसऱ्या उजेडावरही गोळ्या झाडल्या. ते क्षेपणास्त्र दुसऱ्या बॉयलरच्या खोलीत घुसलं. अकराच्या सुमारास जहाज सोडण्याचा हुकूम झाला. अकरा वाजून वीस मिनिटांनी खैबर बुडाली. पहिल्या आघातापासून मोजलं तर सुमारे ३५ मिनिटं. २२२ माणसं गेली.

हे वाचून कुणी म्हणेल, शत्रूच्या खलाशांची एवढी बाजू कशाला घ्यायची? मी बाजू घेत नाही. पण माझं म्हणणं असं आहे की ‘पळपुट्यांना बुडवलं’ असं सांगून आपण निर्घातवरच्या लोकांचं कर्तृत्व कमी करतो. दोनेकशे टनांची बोट, परक्या समुद्रात, रात्रीची, तिच्याकडे वेगाने येणारी साडेचार इंची तोफांची विनाशिका. ती विनाशिका तोफांच्या पल्ल्यात आली असती तर निर्घातचे तुकडे शोधायची वेळ आली असती. तसं होण्याआधी, फक्त रडारच्या पडद्यावरचा ठिपका पाहून, दोन क्षेपणास्त्रं नेमकी लावणं हे काम भित्र्या शत्रूपुढे केलेलं नव्हतं.

‘द्वारकेचं मंदिर पाडलं’ याबद्दल. १९६५ च्या ७ आणि ८ सप्टेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर मारा केला. खैबर त्या सातांमधली एक होती, हे खरं. आघाडीला बाबर ही क्रूझर होती. प्रत्येक नौकेने साधारण ५० गोळे टाकले. त्यांना तिथलं रडार उडवायचं होतं, आणि आपल्या नौका मुंबईबाहेर आल्या तर त्यांना गाठायला गाझी ही पाणबुडी मुंबईसमोर टपून बसली होती. बहुतेक गोळे मंदिर आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या मऊ जमिनीत पडले, कित्येक फुटलेच नाहीत. रेल्वेच्या विश्रामगृहाचं नुकसान झालं. द्वारकाधीशाचं मंदिर उभं होतं आणि आजही उभं आहे, वर्षाकाठी लाखो लोक तिथे जातात, त्यात आपल्याकडचेही असतात. जे देऊळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो ते ‘पाडलं’ असं लिहिलेला मेसेज पुढे ढकलताना हात थांबत कसा नाही, हे मला खरंच कळत नाही.

द्वारकेचा सल मात्र नौदलाच्या मनात होता. त्यावर शब्द वाढवायची गरजच नाही, ती गोष्ट मुळातच विलक्षण आहे. १९७१ चे नौदलप्रमुख अॅडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांचं बालपण कराचीसमोरच्या मनोरा बेटावर गेलं होतं. ते बंदर त्यांना अंगणासारखं माहीत होतं.

‘जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच’ हेही नाही. त्याआधी चार वर्षं, २१ ऑक्टोबर १९६७ रोजी, पोर्ट सैदच्या बाहेर इजिप्तच्या मिसाईल बोटींनी इस्रायलची एलात ही विनाशिका बुडवली. ती ४७ माणसं घेऊन गेली. क्षेपणास्त्र तेच, स्टिक्स. एलातही जुनी ब्रिटिश विनाशिकाच होती. जगभरच्या नौदलांची झोप त्या दिवशी उडाली, आपलीही. आपण सोव्हिएत संघाकडून आठ मिसाईल बोटी घेतल्या. त्यांच्या खलाशांचं प्रशिक्षण तिकडेच झालं. बोटी १९७१ च्या सुरुवातीला आल्या त्या थेट मुंबईला नाही. एवढं वजन उचलायची क्रेन कलकत्त्याला होती, म्हणून तिथे उतरवल्या आणि तिथून अर्ध्या देशाला वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या.

मग आपलं नवेपण कशात? ते या मेसेजमध्ये एका ओळीनेही येत नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. या बोटी किनाऱ्याच्या, बंदराच्या राखणीसाठी बनवलेल्या. पोटात इंधन थोडं, खवळलेल्या समुद्रात हाल. एलात बुडाली तेव्हा इजिप्तच्या बोटी आपल्या बंदराच्या आडोशातून मारा करत होत्या. आपल्या लोकांनी घरची राखण करणारी ही बोट शेकडो मैल पुढे नेऊन शत्रूच्या दारात उभी करायचं ठरवलं. त्यासाठी सोबत मोठ्या नौका हव्या होत्या, टँकर हवा होता, दिवसा शत्रूच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर थांबून अंधार पडल्यावर आत घुसायचं होतं, आणि उजाडायच्या आत परत फिरायचं होतं. हा सगळा हिशेब कागदावर मांडणाऱ्यांची आणि तो समुद्रावर खरा करणाऱ्यांची गोष्ट ‘जगात पहिल्यांदा’ या खोट्या बिरुदाखाली दबून जाते.

शाहजहान बुडाली नाही. निपातने तिच्यावर क्षेपणास्त्र डागलं आणि ती जबर जखमी झाली, असं आपल्याकडचे वृत्तान्त सांगतात. त्याच सुमारास व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज बुडालं. बुडालेली दुसरी युद्धनौका होती मुहाफिझ, एक छोटा माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी नौका, वीरच्या क्षेपणास्त्राने. तिच्यावरची ३३ माणसं गेली. ती इतक्या झटक्यात फुटली की एक संदेशही पाठवू शकली नाही.

कराचीच्या आगीचं श्रेय ही नाजूक बाब आहे, कारण इथे आपल्याच दोन दलांची माणसं दुखावतात. कराची बंदरातल्या केमाडीच्या तेलाच्या टाक्यांवर ४ डिसेंबरला जामनगरहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी हल्ला केला होता. त्याच रात्री निपातने त्याच तेलसाठ्याकडे क्षेपणास्त्र सोडलं. पुढे ८ डिसेंबरच्या रात्री ऑपरेशन पायथनमध्ये विनाश या एकट्या मिसाईल बोटीने, तलवार आणि त्रिशूल या फ्रिगेटच्या सोबतीने, पुन्हा तिथे आग लावली. आग लागत राहिली, विझवणारे विझवत राहिले, ती पुन्हा भडकली. ‘एकट्या नौदलाने’ म्हणणं हंटरच्या वैमानिकांवर अन्याय आहे, आणि नौदलाचं काहीच नव्हतं म्हणणं यादव यांच्या माणसांवर. पायथनच्या रात्री एक ब्रिटिश मालवाहू जहाजही बुडालं, हेही कुठे लिहिलं जात नाही. त्याचं पाकिस्तानशी काही देणंघेणं नव्हतं.

खैबरकडे परत येतो, कारण तिची गोष्ट २३:२० ला संपत नाही. तिने जो शेवटचा संदेश पाठवला त्यातलं ठिकाण चुकीचं होतं. वीज गेलेली, जहाज पेटलेलं, अशात कुणीतरी घाईने आकडे दिले आणि ते चुकले. मदतीला निघालेले भलतीकडे शोधत राहिले. सदाकत ही गस्ती बोट खैबरची माणसं शोधायला कराचीहून निघाली होती. तिला समुद्रावर जळता ढिगारा दिसला, ती तिकडे वळली आणि तिला माणसं सापडली. पण ती होती मुहाफिझची. मुहाफिझ बुडाल्याचं कराचीला तेव्हा कळलं. खैबरची माणसं तोवर पाण्यातच होती. दोन दिवसांनी पाकिस्तानच्या विमानांनी झुल्फिकार या स्वतःच्याच फ्रिगेटला भारताची मिसाईल बोट समजून तिच्यावर गोळ्या झाडल्या. त्या किनाऱ्यावर काय गोंधळ आणि दहशत होती हे यावरून कळतं. ट्रायडेंटचा खरा धक्का मला इथे दिसतो, बुडालेल्या टनांच्या आकड्यापेक्षा जास्त.

राहिला शेवटचा दावा, आणि हा मी कधीही सोडून देणार नाही: ‘अख्ख्या युद्धात आपल्या नौदलाचा एकही माणूस गेला नाही.’

त्या रात्री कुणी गेलं नाही. युद्धात गेले. ९ डिसेंबर १९७१, म्हणजे पायथनच्या दुसऱ्याच रात्री, दीवच्या समुद्रात हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आपल्या खुकरी या फ्रिगेटला टॉर्पेडोने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे, काचेत तिची प्रतिकृती ठेवली आहे. गोव्या-गुजरातच्या सहलीला जाणारे आपले कितीतरी लोक तिथे फोटो काढून येतात, आणि तेच लोक डिसेंबरात हा मेसेज पाठवतात. १९४ घरांना आपण दरवर्षी सांगतो की तुमचा माणूस गेलाच नाही.

हँगोरचे कप्तान अहमद तस्नीम यांनी पुढे सांगितलं की ते जहाज साधारण दोन मिनिटांत गेलं. ‘दोन मिनिटं’ हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तो तिथे, खुकरीच्या संदर्भात. तो कुणी, कधी उचलून खैबरला चिकटवला हे शोधायला गेलो नाही. पण हा मेसेज आता आला की ती दोन शब्दांची जागा मला वाचवत नाही.

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘खुकरीच्या वाचलेल्यांना कुणी उचललं, ते वाचलंस का?’ मी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी समुद्रातून ६ अधिकारी आणि ६१ खलाशी बाहेर काढले गेले. त्यांना उचलणारी नौका कच्छल होती, तीच, जी सहा रात्रींपूर्वी त्या तीन बोटींसोबत कराचीला गेली होती.